ताळा कोणत्या वहीशी घ्यावा?

पेढी आणि संगणक



रोजमेळ मांडून झाला की खतावणीशी त्याचा ताळा घेण्याची रीत आपल्या पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. शिल्लक जुळली नाही, तर अनुभवी दिवाणजी घाईने नवी नोंद करीत नाहीत. जी वही खरी मानायची ती समोर ठेवतात, दुसरी तिच्याशी ओळीने पडताळतात आणि चुकलेले पान शोधून काढतात. पण खरी मानायची ती वहीच कसरीने खाल्ली असेल, तर ताळा कोणत्या वहीशी घ्यावा? या महिन्याचा विषय संगणकाचा आहे. परंतु त्याचे मर्म या एका प्रश्नात आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या पेढीवर, आतल्या खोलीत किंवा जिन्याखाली, एक सर्व्हर वर्षानुवर्षे अहोरात्र चालू असतो. दुकानातील, गोदामातील आणि हिशेबनिसांच्या टेबलावरील सर्व संगणक त्याच्याकडूनच खाती वाचतात. दहाबारा वर्षांपूर्वी घेतलेल्या अशा यंत्रावर बहुधा विंडोज सर्व्हर २००८ आर-२ किंवा विंडोज सर्व्हर २०१२ आर-२ ही कार्यप्रणाली असते. तक्रार नसल्यामुळे त्याकडे कोणी पाहत नाही. मग एखाद्या दिवशी छपाई बंद पडते, एखादी सेवा सुरू होत नाही, किंवा सकाळी पडदा निळा होऊन यंत्र पुन्हा पुन्हा आपोआप सुरू होऊ लागते. तंत्रज्ञ येतो, काळ्या चौकटीत एक आज्ञा लिहितो, उत्तरादाखल क्रमांकासह एक ओळ उमटते आणि तो सांगतो, "शेठ, फॉरमॅट करावे लागेल."

ही ओळ काय सांगते आणि फॉरमॅट खरोखर अटळ असते का, हे मालकाला कळावे एवढ्यासाठी हा लेख आहे. आज्ञा लिहिण्याचे काम तंत्रज्ञाचेच. पण त्याला कोणते प्रश्न विचारावेत हे मालकाला ठाऊक असले, तर बारा वर्षांच्या खात्यांचा निर्णय पाच मिनिटांत उरकला जात नाही.

मुदत संपली म्हणजे काय?

प्रत्येक कार्यप्रणालीला निर्मात्याने आधारकाळ ठरवून दिलेला असतो. त्या काळात दोष सापडला की दुरुस्तीची अद्यतने येत राहतात. विंडोज सर्व्हर २००८ आर-२ चा आधारकाळ १४ जानेवारी २०२० रोजी संपला. पैसे भरून मिळणारी तीन वर्षांची वाढीव मुदत १० जानेवारी २०२३ रोजी संपली. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या क्लाउडवर ती आणखी एक वर्ष मिळाली. विंडोज सर्व्हर २०१२ आणि २०१२ आर-२ यांचा काळ १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला. त्यांची पैसे भरून घ्यायची अखेरची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ही आहे.

त्या तारखेनंतर यंत्र बंद पडत नाही आणि हिशेबही चुकत नाहीत. म्हणूनच तिकडे दुर्लक्ष होते. थांबते ते दुसरेच काही : नव्या दोषांवरील उपाय येणे थांबते आणि जुन्या उपायांच्या मूळ फाइली मिळण्याची वाटही हळूहळू अरुंद होत जाते. दुरुस्तीच्या साधनाची अडचण नेमकी येथे सुरू होते.

दुरुस्तीचे साधन करते काय?

विंडोजमध्ये दोन साधने अंगभूत असतात. पहिले एसएफसी, म्हणजे सिस्टिम फाइल चेकर. ते कार्यप्रणालीच्या प्रत्येक संरक्षित फाइलची तपासणी करते आणि बिघडलेल्या फाइलीच्या जागी चांगली प्रत बसवते. ही चांगली प्रत ते यंत्रातीलच एका कोठारातून घेते. विंडोजच्या फोल्डरमध्ये विनएसएक्सएस नावाचे जे फोल्डर दिसते, ते हे कोठार होय. कार्यप्रणालीचा प्रत्येक घटक, त्याची आवृत्ती आणि त्याचे वर्णनपत्र तेथे जपलेले असते.

दुसरे साधन डीआयएसएम. तंत्रज्ञ त्याला 'डिझम' म्हणतात. त्याची रिस्टोअरहेल्थ ही आज्ञा त्या कोठाराचीच दुरुस्ती करते. कोठारातील प्रत बिघडली असेल, तर ती बाहेरून आणावी लागते : मायक्रोसॉफ्टच्या अद्यतन-सेवेतून किंवा मूळ प्रतिष्ठापन-डिस्कमधून.

आपल्या भाषेत सांगायचे, तर एसएफसी हे रोजमेळाचा ताळा खतावणीशी घेते आणि डिझम ती खतावणीच मूळ पावत्यांवरून पुन्हा लिहून काढते. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. कोठार बिघडलेले असताना एसएफसी कितीही वेळा चालवले, तरी "काही फाइली बिघडलेल्या आढळल्या, परंतु त्यांतील काही दुरुस्त करता आल्या नाहीत" हाच निरोप मिळतो. आधी डिझमने कोठार नीट करावे, यंत्र पुन्हा सुरू करावे आणि मग एसएफसी चालवावे. पहिल्याच फेरीत नापास झालेल्या एसएफसीवरून फॉरमॅटचा निर्णय घेणे म्हणजे खतावणी न उघडताच दिवाळे जाहीर करण्यासारखे आहे.

दोन्ही साधने आपली कैफियत लिहून ठेवतात. विंडोजच्या फोल्डरमध्ये लॉग्ज नावाचे फोल्डर असते. त्यात सीबीएस आणि डिझम यांच्या नोंदवह्या असतात. एसएफसीच्या नोंदी सीबीएसच्या वहीत 'एसआर' या अक्षरांच्या खुणेने सापडतात. कोणती फाइल बिघडली, तिची प्रत मिळाली की नाही, हे तेथे नावानिशी लिहिलेले असते. तंत्रज्ञाला पहिला प्रश्न हाच विचारावा : "नोंदवही पाहिली का, आणि तीत कोणत्या फाइलीचे नाव आहे?"

दुरुस्तीपूर्वी तीन गोष्टी

कोणतीही आज्ञा देण्यापूर्वी खात्यांची नक्कल बाहेर काढावी. ती सर्व्हरच्याच दुसऱ्या कप्प्यात ठेवू नये. वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काढून बाजूला ठेवावी. शक्य असेल, तर केवळ खातीच नव्हे तर संपूर्ण यंत्राची प्रतिमा घ्यावी. विंडोज सर्व्हरमध्ये त्यासाठी बॅकअपची सोय अंगभूत आहे. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातील डिस्क-टू-व्हीएचडी या साधनाने चालू यंत्राची आभासी प्रतही करता येते. ती प्रत दुसऱ्या संगणकावर चालवून, दुरुस्तीचा प्रयोग आधी तिच्यावर करावा. प्रयोग फसला तर प्रत टाकून द्यावी. मूळ यंत्राला धक्का लागत नाही.

दुसरी गोष्ट हार्ड डिस्कची. फाइली आपोआप बिघडत नाहीत. अद्यतन चालू असताना वीज जाणे आणि यूपीएसची बॅटरी मरून पडलेली असणे, हे आपल्याकडील नेहमीचे कारण. परंतु झिजत चाललेली डिस्क आणि सदोष स्मृती ही कारणेही तितकीच खरी. सर्व्हरमध्ये दोन डिस्क जोडीने चालत असतील, तर एकीवर पिवळा दिवा महिनोन्‌महिने लुकलुकत असतो आणि दुसरीच्या बळावर काम चालू राहते. विंडोजच्या घटनावहीत डिस्कवरील खराब जागेची नोंद क्रमांक ७ ने येते. अशी नोंद दिसली, तर आधी नक्कल, मग नवी डिस्क आणि त्यानंतरच दुरुस्ती. मरणासन्न डिस्कवर दुरुस्तीची आज्ञा देणे म्हणजे मोडक्या फळीवर आणखी पोती रचणे होय.

तिसरी गोष्ट अर्धवट राहिलेल्या अद्यतनाची. यंत्र पुन्हा सुरू होण्याची वाट पाहत एखादे अद्यतन अडकून राहिले असेल, तर एसएफसी काम करण्यास नकार देते आणि आधी यंत्र पुन्हा सुरू करा असे सांगते. तेवढे केले की पुष्कळदा निम्मा प्रश्न सुटतो.

२०१२ आर-२ वर : "मूळ फाइली सापडल्या नाहीत"

२०१२ आर-२ वर डिझमची रिस्टोअरहेल्थ आज्ञा दिली की ती काही वेळ एकाच टक्केवारीवर थांबलेली दिसते. घाबरून खिडकी बंद करू नये. अखेरीस पुष्कळदा ८००एफ०८१एफ हा क्रमांक येतो. त्याचा अर्थ एवढाच, की मूळ फाइली सापडल्या नाहीत. तिचा जोडीदार क्रमांक ८००एफ०९०६ : मूळ फाइली उतरवून घेता आल्या नाहीत. दोन्ही क्रमांक यंत्र निकामी झाल्याचे सांगत नाहीत. ताळा घ्यायला खरी वही दाखवा, एवढेच ते मागतात.

ती वही म्हणजे मूळ प्रतिष्ठापन-डिस्क. तिच्या सोर्सेस या फोल्डरमध्ये इन्स्टॉल डॉट विम नावाची मोठी फाइल असते. डिझमला 'सोर्स' या शब्दाने तिचा पत्ता द्यावा आणि 'लिमिटॲक्सेस' हा शब्द जोडावा. म्हणजे ते बाहेर शोधत न बसता दाखवलेल्या जागीच पाहते.

येथे बहुतेकांची गाडी अडते, ती तीन कारणांनी. एक, त्या फाइलीत एकाहून अधिक आवृत्त्या असतात. २०१२ आर-२ च्या नेहमीच्या डिस्कवर क्रमांक १ आणि २ स्टँडर्डचे, तर ३ आणि ४ डेटासेंटरचे. प्रत्येक जोडीत पहिली केवळ आज्ञांवर चालणारी, दुसरी खिडक्यांसह चालणारी. आपल्या यंत्रावर स्टँडर्ड खिडक्यांसह असेल, तर क्रमांक २ द्यावा लागतो. क्रमांक न देता किंवा चुकीचा देऊन केलेला प्रयत्न फसतो आणि दोष मात्र डिस्कवर जातो.

दोन, भाषा आणि पिढी जुळली पाहिजे. २०१२ ची डिस्क २०१२ आर-२ ला चालत नाही. नावे सारखी वाटली तरी घराणी वेगळी आहेत.

तीन, आणि हे कारण सर्वांत सूक्ष्म : डिस्क यंत्रापेक्षा जुनी असते. २०१२ आर-२ ची पहिली डिस्क २०१३ ची. एप्रिल २०१४ चे मोठे अद्यतन समाविष्ट असलेली दुसरी डिस्कही पुढे निघाली. यंत्राने त्यानंतर वर्षानुवर्षे अद्यतने घेतली. बिघडलेली फाइल जर २०२१ च्या अद्यतनातून आलेली असेल, तर ती २०१३ च्या डिस्कवर कशी सापडणार? गेल्या वर्षीची नोंद दहा वर्षांपूर्वीच्या वहीत शोधण्यासारखे ते आहे. अशा वेळी नोंदवहीतून त्या घटकाचे नाव आणि आवृत्ती पाहून नेमके ते अद्यतन मायक्रोसॉफ्टच्या अद्यतन-सूचीतून मिळवावे लागते. किंवा दुसरा, अधिक सोपा मार्ग : तीच आवृत्ती आणि तेवढीच किंवा त्याहून अलीकडची अद्यतने असलेला दुसरा निरोगी सर्व्हर शोधावा. डिझमला त्याच्या विंडोज फोल्डरचा पत्ता मूळ म्हणून देता येतो. एकाच वेळी, एकाच विक्रेत्याकडून बंधूंच्या पेढ्यांनी सर्व्हर घेतलेले असतात. चुलत्यांच्या शाखेतील यंत्र आपल्या यंत्राची खतावणी होऊ शकते, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

२००८ आर-२ वर : क्रमांक ८७

तंत्रज्ञाने हीच रिस्टोअरहेल्थ आज्ञा २००८ आर-२ वर दिली, तर लगेच ८७ हा क्रमांक येतो. त्यावरून डिझमच बिघडले असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुस्थिती अशी, की २००८ आर-२ च्या डिझमला ही आज्ञा ठाऊकच नाही. ती पुढच्या पिढीत आली. ८७ चा अर्थ 'हा शब्द मला कळत नाही' इतकाच. यंत्र त्याने अधिक बिघडलेले ठरत नाही.

त्या पिढीसाठी मायक्रोसॉफ्टने वेगळे साधन दिले होते : सिस्टिम अपडेट रेडिनेस टूल. तंत्रज्ञ त्याला 'चेकसर' म्हणतात. त्याचा अद्यतन-क्रमांक ९४७८२१. अद्यतन बसताना ८००७३७१२ हा क्रमांक येत असेल, तर कोठार बिघडल्याची ती खूण असते आणि तेथे हेच साधन योग्य ठरते. ते आकाराने मोठे आहे, कारण चांगल्या फाइलींचा साठा ते स्वतःबरोबर घेऊन येते. ते एखाद्या अद्यतनाप्रमाणे बसवले जाते, पडद्यावर फारसे काही बोलत नाही आणि सर्व हकिगत चेकसर नावाच्या नोंदवहीत लिहून ठेवते.

त्या नोंदवहीचा शेवट वाचावा. किती दोष सापडले, किती दुरुस्त झाले, हे तेथे आकड्यांत असते आणि त्याखाली जी दुरुस्ती होऊ शकली नाही तिच्या फाइलींची यादी येते. यादीचे शीर्षकच 'उपलब्ध नसलेल्या दुरुस्ती-फाइली' या अर्थाचे आहे. त्या फाइली ज्या अद्यतनातील असतील, ते अद्यतन मिळवून विंडोजच्या टेम्प फोल्डरमधील चेकसरच्या पॅकेजेस या जागी ठेवावे आणि साधन पुन्हा चालवावे. काम चिकाटीचे आहे. परंतु यादीत दोनचार नावे असतील, तर एका दुपारचे आहे. यादीत शेकडो नावे असतील, तर दुरुस्तीचा नाद सोडावा. ते कोठार कोणीतरी उपसलेले आहे.

२००८ आर-२ ची आणखी एक अडचण आहे. अद्यतनांवर निर्मात्याची डिजिटल मोहोर असते. जुनी मोहोर एसएचए-१ पद्धतीची होती. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिच्या जागी एसएचए-२ ही पद्धत आणली. ज्या यंत्रावर त्या बदलाची पूर्वतयारी करणारी अद्यतने बसलेली नाहीत, ते नव्या मोहोरेची अद्यतने स्वीकारतच नाही. त्यासाठी ४४९०६२८ आणि ४४७४४१९ ही दोन अद्यतने आधी बसवावी लागतात. शिवाय जुन्या मोहोरेच्या फाइली मायक्रोसॉफ्टने ३ ऑगस्ट २०२० रोजी आपल्या डाउनलोड केंद्रावरून काढून घेतल्या. मूळ प्रत मिळण्याची वाट अरुंद होत जाते असे वर म्हटले, ते असे.

काय करू नये?

विनएसएक्सएस फोल्डर हाताने रिकामे करू नये. डिस्क भरली की सर्वांत मोठे फोल्डर शोधले जाते आणि हे डोळ्यांत भरते. वास्तविक त्याचा दिसणारा आकार फसवा असतो. त्यातील पुष्कळ फाइली आणि विंडोजमधील चालू फाइली एकच असून दोन नावांनी दिसतात. त्यामुळे मोजणी दुप्पट होते. हे फोल्डर पुसणे म्हणजे जागा हवी म्हणून खतावणी रद्दीत घालणे. साफसफाईसाठी विंडोजची स्वतःची सोय आहे, तीच वापरावी.

मूळ डिस्क कोणत्याही अनोळखी ठिकाणाहून उतरवून घेऊ नये. खरी म्हणून आणलेली वहीच बनावट निघाली, तर दुरुस्तीचे साधन मोठ्या निष्ठेने बनावट फाइली बसवील. प्रत्येक फाइलीचा एक ठसा असतो, त्याला हॅश म्हणतात. निर्मात्याने दिलेल्या ठशाशी तो ताडून पाहिल्यावाचून डिस्क वापरू नये. 'एका क्लिकमध्ये सर्व दोष दूर' असे सांगणाऱ्या प्रणाली आणि आपल्या सर्व्हरमध्ये दोष सापडला आहे असे सांगत येणारे दूरध्वनी, यांना तर उंबऱ्याबाहेरच ठेवावे.

दुरुस्ती झाली, पुढे काय?

समजा, सर्व काही मनासारखे झाले. डिझमने कोठार नीट केले, एसएफसीने एकही दोष नाही असे सांगितले, छपाई सुरू झाली. येथेच सर्वांत मोठी चूक होते : यंत्र बरे झाले असे मानून दार लोटले जाते. ज्या फाइली जागेवर आल्या, त्या आधारकाळातील शेवटच्या अद्यतनापर्यंतच्या. त्यानंतर सापडलेले दोष यंत्रात तसेच आहेत, कारण त्यांच्या दुरुस्तीची खतावणी या यंत्रासाठी लिहिलीच गेली नाही.

२०१७ सालाने याची किंमत दाखवून दिली. १४ मार्च रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या फाइल-वाटपातील एका गंभीर दोषावर उपाय दिला होता. १२ मे रोजी त्याच दोषावर स्वार होऊन वॉनाक्राय जगभर पसरला. ज्यांनी उपाय बसवला नव्हता ते अडकले. आणि विंडोज सर्व्हर २००३ सारख्या मुदत संपलेल्या प्रणालींना तर तो उपाय मिळालेलाच नव्हता. हल्ल्यानंतर मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून त्यांच्यासाठी तो दिला. अपवादावर व्यापार चालत नाही.

२७ जून रोजी नॉटपेट्या आला. तो युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या प्रणालीच्या अद्यतनातून शिरला, ही गोष्ट आपण व्यापाऱ्यांनी विसरू नये. मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीचे काम त्याने ठप्प केले. आपल्या न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे सांगितल्याप्रमाणे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. त्या साऱ्या जाळ्याची किल्ली ज्या सर्व्हरांमध्ये असते, त्यांच्या सर्व प्रती नष्ट झाल्या होत्या. फक्त घाना देशातील कार्यालयातील एक प्रत वाचली, कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती आणि ते यंत्र जाळ्यापासून तुटलेले होते. त्या एका प्रतीवरून सारा डोलारा पुन्हा उभा राहिला. एवढ्या मोठ्या कंपनीलाही शेवटी लागली ती एकच वस्तू : ताळा घेण्याजोगी, बाजूला राहिलेली खरी वही. ती तिला योगायोगाने मिळाली. आपण ती ठरवून ठेवू शकतो.

म्हणून दुरुस्तीकडे मुदतवाढ म्हणून पाहावे. मिळालेल्या दोनतीन महिन्यांत शांतपणे स्थलांतर करावे. तोवर जुन्या सर्व्हरचा इंटरनेटशी संबंध तोडावा. घरून काम करण्यासाठी राउटरवर दूरस्थ प्रवेशाचे दार उघडे ठेवले असेल, तर ते बंद करावे. फाइल-वाटपाची जुनी एसएमबी-१ पद्धत बंद करावी. त्या यंत्रावर बँकेचे किंवा कराचे काम करू नये.

नवी प्रणाली जुनीवरच चढवण्याचा मोह टाळावा. २००८ आर-२ वरून थेट २०१२ आर-२ पर्यंतच चढता येते, म्हणजे एका मुदत संपलेल्या घरातून दुसऱ्या मुदत संपलेल्या घरात. २०१२ आर-२ वरून २०२५ पर्यंत चढता येते. पण जुने दुखणे बरोबर येते. नवे यंत्र, नवी प्रणाली आणि त्यावर केवळ खात्यांची नक्कल, हाच निर्मळ मार्ग. घेताना मुदत पाहून घ्यावे : २०१६ चा आधारकाळ जानेवारी २०२७ मध्ये, २०१९ चा जानेवारी २०२९ मध्ये आणि २०२२ चा ऑक्टोबर २०३१ मध्ये संपतो. स्वस्तात मिळणारी २०१६ ची परवानगी आज घेणे म्हणजे अखेरच्या हप्त्याची विमापत्रिका विकत घेणे.

कायद्याचाही येथे संबंध येतो. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. पेढी कंपनी म्हणून नोंदलेली असेल, तर हिशेबांची नक्कल भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवण्याचे बंधन आहे. सर्व्हर बिघडला होता, हे उत्तर अधिकाऱ्यापुढे टिकणारे नाही.

या महिन्यात करावयाची कामे

१. सर्व्हरवर कोणती कार्यप्रणाली, कोणती आवृत्ती आणि शेवटचे अद्यतन कधीचे, हे एका कागदावर लिहून घ्यावे.

२. मूळ डिस्क, परवान्याचा क्रमांक आणि हिशेबाच्या प्रणालीची प्रतिष्ठापन-फाइल शोधून तिजोरीत ठेवावी. सापडत नसेल, तर यंत्र चालू आहे तोवर विक्रेत्याकडे मागणी करावी.

३. खात्यांच्या तीन प्रती असाव्यात : एक सर्व्हरवर, एक वेगळ्या डिस्कवर आणि एक पेढीबाहेर. त्यांपैकी एक तरी कोणत्याही यंत्राला न जोडलेली असावी.

४. ती नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. मागील वर्षाचा ताळेबंद तिच्यातून निघाला, तरच ती नक्कल. न उघडलेली नक्कल ही केवळ आशा असते.

५. यूपीएसची बॅटरी तपासावी आणि डिस्कवरील दिव्यांचा रंग पाहावा.

६. तंत्रज्ञ 'फॉरमॅट' म्हणाला, तर तीन प्रश्न विचारावेत : नक्कल घेतली का? नोंदवहीत काय आहे? मूळ प्रत कोणती दाखवली? या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावरही फॉरमॅटच सुचवला गेला, तर तो सल्ला मानावा.

आपल्या पूर्वजांनी आग आणि पूर यांतून वह्या वाचवल्या, त्या यंत्रांच्या बळावर नव्हेत. एक प्रत पेढीवर आणि एक घरी ठेवण्याच्या साध्या सवयीमुळे त्या वाचल्या. वह्यांचे रूप बदलले आहे. सवयीची गरज बदललेली नाही. येत्या रविवारी पेढी बंद असताना तासभर काढून पहिली चार कामे उरकावीत. घरातील तरुण मुलामुलींना बरोबर घ्यावे. खतावणी कोठे ठेवली आहे, हे पुढच्या पिढीलाही ठाऊक असले पाहिजे.